सहा वर्षं शेडमध्ये पडून असलेली पेट्रोलची गोल्फ कार्ट चालू करायचीय, मदत हवीय

नीलेश_पीचट्री | ८ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांची आवड असलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नेमका सल्ला देता येणार नाही.

आम्ही जॉर्जियात पीचट्री सिटीला राहतो, अटलांटाच्या दक्षिणेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या गावात गोल्फ कार्ट म्हणजे आपल्याकडची स्कूटर. गावभर झाडीतून जवळपास १०० मैलांचे कार्टचे वेगळे रस्ते आहेत, मोठ्या रस्त्यांखालून बोगदे, वरून पूल. लोक भाजीला, लायब्ररीत, तळ्यावर, सगळीकडे कार्टनेच जातात, मॅकिन्टॉश हायस्कूलला तर पोरांच्या कार्टसाठी वेगळं पार्किंग आहे.

बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. कराडला एसटीच्या आगारात ३१ वर्षं मेकॅनिक होते. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. मी कामावर गेलो की दिवसभर खिडकीत बसून राहतात, बोलून दाखवत नाहीत पण मला दिसतं ना. आमच्या शेजारी एक आजी राहतात, वय ८१, त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांची कार्ट मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. परवा त्या म्हणाल्या, चालू होत असेल तर घेऊन जा, फक्त एकदा मला तीत बसवून तळ्यापर्यंत ने.

कार्ट क्लब कार डीएस, गॅसवाली. इथे गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडरचा गॅस नव्हे. सिरियल नंबर एजी ९५ ने सुरू होतो. बॅटरी फुगलेली, चारही टायर बसलेले, टाकीत तळाला थोडं पेट्रोल आहे त्याला पेट्रोलचा वासच नाही, फर्निचरच्या पॉलिशसारखा वास येतो. एका दुकानात फोन केला तर सीट उचलून न बघताच इंजिन गेलं असणार, १८०० डॉलर लागतील म्हणाले. मला ते पटलं नाही. सुरुवात कुठून करू?

तांबडा_पांढरा | ८ मार्च, रात्री १०:१५

आधी एक गोष्ट, काहीही ऑर्डर करू नका. एकही पार्ट नाही. पडून राहिलेल्या गाडीचं इंजिन क्वचित जातं, पेट्रोल जातं, बॅटरी जाते, रबर जातं. माझं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे, शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं पावसाळाभर पडून दिवाळीनंतर येतात माझ्याकडे, दहातली आठ तरी नुसत्या साफसफाईवर चालू होतात.

उद्या एवढंच करा. ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल खुणेच्या वर असली तर मला सांगा, मग वेगळं बघू. नंतर प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, परवा हाताने फिरवून बघा. फिरलं की निम्मी लढाई जिंकली.

रेवती_ऑस्टिन | ८ मार्च, रात्री १०:५०

एजी ९५ म्हणजे १९९५ ची. क्लब कारच्या नंबरात ए म्हणजे डीएस, जी म्हणजे गॅसोलिन, पुढचे दोन आकडे साल आणि त्यापुढचे दोन त्या वर्षाचा कितवा आठवडा. म्हणजे तुमच्यात कावासाकीचं एफई २९० इंजिन असणार, २८६ सीसी, एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. खूप दणकट इंजिन आहे हो, माझ्या सासऱ्यांकडे त्याच काळातली कार्ट आहे, अजून शेतावर चालते. शिवाय डीएसची चासी अॅल्युमिनियमची असते त्यामुळे सहा वर्षांच्या ओलीनेही ती गंजली नसेल. आणि क्लब कारचा कारखाना तुमच्याच राज्यात ऑगस्टाजवळ आहे, ई-झी-गो पण तिथलीच आणि यामाहाच्या कार्ट तर तुमच्या शेजारच्या न्यूननला बनतात. पार्ट मिळायला तुमच्याइतकं सोपं कुणालाच नाही.

नीलेश_पीचट्री | ११ मार्च, रात्री ८:०५

सगळ्यांचे आभार. ऑइल काळंकुट्ट आहे पण लेव्हल बरोबर, पेट्रोलचा वास नाही. प्लग काढून ऑइल सोडलं होतं, आज बाबांनी क्लचची चकती धरून हाताने फिरवलं, फिरलं! बाबा म्हणाले कॉम्प्रेशन आहे, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघितलं त्यांनी, फटकन अंगठा उडाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल हातपंपाने काढलं, चहा जास्त उकळल्यावर होतो तसा रंग. इथे ते गटारात ओतायला बंदी आहे आणि असायलाच हवी, कॅनमध्ये भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिलं.

नवी १२ व्होल्टची बॅटरी घातली. चावी फिरवून पेडल दाबलं की फक्त टक् असा आवाज येतो. बाकी काही नाही.

सायलेन्सर | ११ मार्च, रात्री ८:४०

टक् म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढतोय, पण पुढे स्टार्टरला करंट पोचत नाही किंवा स्टार्टर अडकलाय. मीटर लावा बॅटरीवर आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. व्होल्टेज १२ च्या आसपासच राहिलं तर करंट जातच नाहीये, म्हणजे सोलेनॉइडचे पॉइंट किंवा केबल. व्होल्टेज एकदम १० च्या खाली आपटलं तर बॅटरी कमकुवत किंवा स्टार्टर जाम.

आणि पेडल दाबण्याआधी लिव्हर न्यूट्रलला टाका. या कार्टचं वैशिष्ट्य असं की पेडल दाबलं की इंजिन सुरू आणि सोडलं की बंद, आयडलिंग हा प्रकारच नाही. त्यामुळे लिव्हर पुढच्या गियरला असेल आणि इंजिन अचानक धरलं तर कार्ट सरळ भिंतीत जाते. डीएसमध्ये न्यूट्रलला एरवी स्टार्टर फिरत नाही, त्यासाठी सीट काढल्यावर लिव्हरच्या मागे एक छोटी कॅम दिसेल ती ओढून फिरवायची, मग न्यूट्रलमध्येही इंजिन चालवता येतं. मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून ठेवली तर अजून चांगलं.

तांबडा_पांढरा | ११ मार्च, रात्री ९:१०

बरोबर. त्यात भर, या कार्टला स्टार्टर आणि डायनामो वेगळे नसतात, एकच मशीन, बेल्टवर. सुरू करताना मोटर, चालू झाल्यावर तीच बॅटरी चार्ज करते. त्याचे ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) घासले किंवा ते जिथे टेकतात तो कम्युटेटर काळा पडला तरी फिरणार नाही. पण आधी अर्थिंगची केबल. चासीला जिथे बोल्ट लावलाय तो सोडा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, तीतून करंट जात नाही. वरून दिसायला बोल्ट घट्ट असतो आणि माणूस चार दिवस स्टार्टर खोलत बसतो.

नीलेश_पीचट्री | १२ मार्च, रात्री ७:३०

तांबडा_पांढरा, तुमचे पाय धरायला पाहिजेत. अर्थिंगच होतं! बोल्ट सोडला तर केबलच्या डोळ्याखाली खरंच पांढरी पूड, टाल्कम पावडरसारखी. घासून परत लावलं, पेडल दाबलं आणि स्टार्टर असा फिरला की बाबांनी टाळी वाजवली. चासीच्या एका बोल्टवर १८०० डॉलर वाचले.

इंजिन फिरतंय पण धरत नाहीये. ताजं पेट्रोल अर्धा गॅलन घातलंय.

मृण्मयी_के | १२ मार्च, रात्री ७:५५

एअर फिल्टर काढून कार्बच्या (कार्ब्युरेटर, हवा नि पेट्रोल मिसळणारा भाग) तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल टाका आणि लगेच फिरवून बघा. दोन सेकंद धरून बंद पडलं तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेत. अजिबातच धरलं नाही तर आधी स्पार्क बघा. स्टार्टिंग स्प्रे नका मारू, जुन्या कोरड्या सिलिंडरवर अत्याचार आहे तो.

नीलेश_पीचट्री | १३ मार्च, रात्री ८:२०

फिल्टर उघडला आणि आत बघून आम्ही दोघंही गप्प झालो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, सीटचा स्पंज कुरतडून आणलेला, त्यात पेकानची टरफलं व्यवस्थित एका कोपऱ्यात रचलेली. फिल्टरचा कागद अर्धा खाल्लेला, उरलेल्यावर पाइनच्या परागांचा पिवळा थर (इथे मार्चच्या शेवटी सगळं गाव पिवळं होतं, गाडीवर बोटाने नाव लिहिता येतं). सगळं मास्क आणि हातमोजे घालून काढलं.

पेट्रोल टाकून बघितलं, काही नाही. प्लग नवा लावलाय. स्पार्क बघितला तर आहे पण अगदी फिकट, कधी येतो कधी नाही.

सुबोध_वाशी | १३ मार्च, रात्री ८:४५

स्पार्क बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरून इंजिनच्या लोखंडाला टेकवा प्लीज. आत पेट्रोल टाकलेलं असतं, भोकातून वाफ येते आणि तिथेच ठिणगी. माझ्या मित्राची भुवई जळालीय अशी, डोळा थोडक्यात वाचला.

सायलेन्सर | १३ मार्च, रात्री ९:३०

एक घरटं सापडलं म्हणजे दुसरंही असणार. फ्लायव्हीलवरच्या पंख्याचं पत्र्याचं कव्हर काढून बघाच. हे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं, सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये टरफलं अडकली असतील तर चालू होईलही पण अर्ध्या तासात तापून जाम होईल, आणि मग ते दुकानवाले खरे ठरतील.

स्पार्कचं बघू. एफई २९० मध्ये आरपीएम लिमिटरची एक डबी असते, इंजिन ठराविक फेऱ्यांच्या वर गेलं की स्पार्क तोडते. जुन्या झाल्या की या डब्या नेहमीच्या वेळीही स्पार्क तोडायला लागतात. कॉइलकडून (स्पार्क तयार करते ती) तिच्याकडे जाणारी पांढरी-काळी वायर आहे. लिमिटरचं कनेक्शन तेवढ्यापुरतं सोडा आणि स्पार्क परत बघा. निळा आणि जाड आला तर डबीच गेली. पण हे फक्त टेस्टपुरतं, डबीशिवाय कायमचं चालवू नका.

बापू_वाई | १३ मार्च, रात्री ११:०५

मध्येच विचारतोय माफ करा. हा धागा वाचून माझी लुना आठवली. वडिलांची आहे, वाईच्या घरी ओट्यावर ७-८ वर्षं उभी. काका म्हणतात भंगारात दे. तिलाही हेच सगळं लागू होईल का?

तांबडा_पांढरा | १४ मार्च, सकाळी ७:१०

बापू, लुना भंगारात द्यायची नाही म्हणजे नाही. १९७२ ला आलेली गाडी, मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत निम्मा महाराष्ट्र तिच्यावर कामाला गेला. लागू सगळं होतं, फक्त लुना टू स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं विसरू नका. नुसतं पेट्रोल घालून सुरू केली तर पिस्टन धरेल. जुनं पेट्रोल काढा, टाकी धुवा, कार्ब साफ, प्लग नवा. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात नि मऊ पडतात. नळ्या आधीच बदला, शंभरभर रुपयांचं काम आहे.

नीलेश, तुमच्याकडे पण इथेनॉल असतं ना पेट्रोलमध्ये?

रेवती_ऑस्टिन | १४ मार्च, सकाळी ८:३० (टेक्सास वेळ)

हो, अमेरिकेत बहुतेक पंपांवर १० टक्के असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, पडून राहिलं की पाणी तळाला बसतं आणि वरचं पेट्रोल उडून जाऊन डिंक उरतो. काही पंपांवर इथेनॉल नसलेलं मिळतं, बोटींसाठी वगैरे. महाग असतं पण कमी वापराच्या इंजिनाला तेच घाला.

नीलेश_पीचट्री | १६ मार्च, संध्याकाळी ६:५०

दोन दिवसांचा वृत्तान्त.

सायलेन्सर यांचं म्हणणं तंतोतंत. पंख्याचं कव्हर काढलं, सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये पेकानची टरफलं ठासून भरली होती, अक्षरशः एकेक करून विणकामाच्या सुईने काढली, वाटीभर निघाली. बाबा स्टुलावर बसून दोन तास हेच करत होते, मी म्हटलं राहू द्या मी करतो, तर म्हणाले तू भराभर करशील आणि मागच्या बाजूची तशीच राहतील.

लिमिटरची वायर सोडली, निळा कडक स्पार्क! तर ती डबी बदलायची. हा पहिला पार्ट जो मी ऑर्डर केला, आणि कशासाठी करतोय हे माहीत असून केला. ती येईपर्यंत टेस्ट तशीच चालू ठेवलीय, चाकं स्टँडवर.

चमचाभर पेट्रोल टाकलं, इंजिन धरलं! तीन सेकंद चाललं आणि बंद. पण तो आवाज ऐकला ना, आई आतून पदर खोचत धावत आली.

म्हणजे आता पेट्रोल वर येत नाही. पंप कुठला विजेवरचा दिसत नाही, एक गोल चपटी डबी आहे तिला तीन नळ्या.

मृण्मयी_के | १६ मार्च, संध्याकाळी ७:३०

तीच पंप. पल्स पंप म्हणतात त्याला. तीनपैकी एक नळी टाकीकडून येते, एक कार्बला जाते आणि तिसरी इंजिनच्या क्रँककेसला, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या डब्याला. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये दाब बदलतो, त्या धक्क्यांनी आतला पडदा हलतो आणि पेट्रोल ओढलं जातं. तिसऱ्या नळीला केसाएवढी जरी चीर असली तरी पंप मेला. वाकवून बघा, सरळ असताना चिरा दिसत नाहीत. आणि म्हणूनच पहिल्या दिवशी ऑइलचा वास घ्यायला सांगितला होता, पडदा फाटला की पेट्रोल त्याच नळीतून ऑइलमध्ये उतरतं.

सगळ्या नळ्या नि फिल्टर बदला, एक ठेवली तर तीच पुढच्या महिन्यात फुटते. आणि कार्ब खोलल्याशिवाय सुटका नाही हो.

तांबडा_पांढरा | १६ मार्च, रात्री ८:००

कार्ब खोलताना दोन गोष्टी. मिकुनीचा जपानी कार्ब असेल, स्क्रू दिसतात चारपाकळी पण ते जपानी मापाचे, जेआयएस. साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी गोल होतात आणि मग ड्रिल मारायची पाळी. योग्य स्क्रूड्रायव्हर आणा.

दुसरं, पायलट जेट. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकाची छोटी पितळी नळी, पायलट कमी वेगासाठी, मेन जास्त वेगासाठी. मेन जेट सगळे साफ करतात कारण त्याचं भोक दिसतं. पायलटचं भोक सुईच्या टोकाहून बारीक, ते बुजलं की गाडी चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते. स्प्रे मारून भागत नाही, जेट काढा, उजेडासमोर धरा, पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. तांब्याच्या वायरमधली एक बारीक तार घाला, स्टीलची नको, पितळेचं भोक मोठं झालं की कायमचं बिघडलं.

नीलेश_पीचट्री | २० मार्च, रात्री ९:१५

तिसरी नळी वाकवली तर तुकडाच पडला हातात. सगळ्या नव्या घातल्या, दोन फिल्टर नवे.

कार्बची वाटी उघडली, तळाला हिरवट मध जमलेला. फ्लोटची सुई त्यात चिकटून बसलेली. सगळं सोडवून रात्रभर क्लीनरमध्ये बुडवलं. सकाळी बाबांनी पायलट जेट चष्मा वर करून उजेडासमोर धरला, म्हणाले आंधळा आहे. पाच वेळा तार घालून, हवा मारून, सहाव्यांदा त्यांनी जेट माझ्या हातात दिला. खरंच, मोहरीच्या पाव दाण्याएवढा गोल उजेड दिसत होता पलीकडे.

जोडलं. ऑइल बदललं. पेडल दाबलं, पाच-सात सेकंद फिरलं (नळ्या भरायला तेवढा वेळ लागतोच), फुरफुरलं, थोडा पांढरा धूर आणि मग सलग. सलग हो! बाबांनी इंजिनच्या आवरणाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकलं. व्हॉल्व्ह जरा वाजतोय, बाकी झकास, हा निकाल. व्हॉल्व्हचा गॅप परवा लावू.

लिमिटरची नवी डबी आली, लावली, स्पार्क तसाच निळा.

सायलेन्सर | २० मार्च, रात्री ९:४०

वा! मस्तच. आता चार्जिंग बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास दिसलं पाहिजे. नसेल तर आधी बेल्टचा ताण. फार वर्षं पडून राहिल्यावर कधी कधी जनरेटरमधलं उरलेलं मॅग्नेटिझम जातं, मग त्याला परत चेतवावं लागतं, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये बघूनच करा.

आसावरी_पुणे | २१ मार्च, सकाळी ६:२०

चालू झाल्याच्या आनंदात ब्रेक विसरू नका. डीएसला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, केबलवरचे ड्रम. पार्किंग ब्रेक लावून सहा वर्षं उभी असेल तर लायनर ड्रमला चिकटतात, एका बाजूचा सुटतो एका बाजूचा नाही आणि मग ब्रेक मारला की कार्ट फिरते. तळ्याकाठच्या उतारावर हे नको व्हायला.

नीलेश_पीचट्री | २३ मार्च, रात्री ८:५५

चार्जिंग १२.३ वरच होतं, बेल्ट ताणला, आता १४.२. आसावरीताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मागचं डावं चाक जाम होतं. ड्रम काढला, लायनर नवे, केबलला ऑइल. टायर चारही हवा धरतायत, बाजूला चिरा आहेत म्हणून महिन्याभरात बदलणार.

पण नवीन दुखणं. आज अंगणातून बाहेर काढली, दहा मिनिटं सुंदर चालली आणि मग गुदमरल्यासारखी बंद. पंधरा मिनिटं थांबलो, परत चालू, परत दहा मिनिटांनी बंद. तीनदा. इंजिन तापलेलं नाही, हात लावून बघितलं, आणि स्पार्क बंद पडल्या पडल्या तपासला तोही आहे. आता कॉइल तापून जातेय का? कॉइल मागवू का?

तांबडा_पांढरा | २३ मार्च, रात्री ९:०५

थांबा थांबा. काही मागवू नका. स्पार्क आहे ना, मग कॉइलला का दोष देताय. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या.

नीलेश_पीचट्री | २४ मार्च, संध्याकाळी ६:३०

फुस्स!!

बंद पडली, झाकण फिरवलं आणि प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यावर येतो तसा आवाज आला, फक्त हवा आत जाणारी. झाकण ढिलं ठेवून पेडल दाबलं, पहिल्या फटक्यात चालू. झाकणाचं हवेचं भोक कुठल्याशा किड्याने मातीने लिंपून टाकलं होतं. पेट्रोल खाली जातं तसं वर हवा यायला वाट नाही, पंप बिचारा किती ओढणार. बाबा कपाळावर हात मारून म्हणाले, एसटीच्या डिझेल टाकीला हे मी शंभरदा बघितलंय आणि इथे विसरलो. झाकण नवंच आणलं.

नंतर सलग ५० मिनिटं चालवली. गावाच्या नोंदणीचा स्टिकर पण आणला आज.

मृण्मयी_के | २४ मार्च, संध्याकाळी ७:००

अंगावर काटा आला वाचून. आजींना नेलंत का?

नीलेश_पीचट्री | २९ मार्च, रात्री ९:३०

काल नेलं. मी त्यांना काही कळवलं नव्हतं, म्हटलं दारात नेऊन उभी करू. आमच्या अंगणातून मागे घेताना रिव्हर्सचा बझर वाजला आणि मी वळायच्या आत त्या दार उघडून पायरीवर उभ्या. म्हणाल्या, हा आवाज मी सहा वर्षं ऐकला नाहीये, रोज सकाळी साडेसहाला तो असाच मागे घ्यायचा आणि मला जाग यायची. मग स्वेटर आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तळ्यापर्यंत गेलो. आजी पुढे माझ्या शेजारी. बाबांना मागच्या उलट्या सीटवर बसवलं, गुडघा लांब करून. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि बाबा मराठीत, मध्ये मी भाषांतर करायचा प्रयत्न केला तर दोघांनीही मला गरज नाही अशा अर्थाचा हात केला. येताना बोगद्यात बाबा मला म्हणाले जरा थांब, आणि इंजिनचा आवाज ऐकत बसले, बोगद्यात आवाज घुमतो ना. व्हॉल्व्ह अजून एक शतांश ढिला आहे म्हणे. या रविवारी परत खोलणार.

आता रोज दुपारी आई कार्टची किल्ली लपवते कारण मी कामावर असताना बाबा शेडमध्ये जाऊन बसतात आणि जेवायची वेळ विसरतात. शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची यामाहा पण बंद आहे, त्यांनी काल बाबांना बोलावलंय बघायला.

तांबडा_पांढरा | २९ मार्च, रात्री ९:५०

बाबांना नमस्कार सांगा आमचा. नाद खुळा काम केलंय दोघांनी. एक लक्षात ठेवा, ते परत गेले आणि कार्ट महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पुरवठा बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बची वाटी रिकामी होते. डिंक व्हायला काही उरतच नाही. आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, उंदीर परत येणारच.

बापू_वाई | ६ एप्रिल, दुपारी १:१५

पाडव्याला वाईला गेलो होतो. टाकी धुतली, नळी बदलली, तुम्ही सांगितलं तसं तांब्याची तार घालून जेट साफ केला, उजेडासमोर धरून. ऑइल मिसळून पेट्रोल घातलं. पेडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या पण लागली! गणपती घाटापर्यंत जाऊन बंद पडली. काका म्हणाले बघ, म्हटलं होतं ना. मी काही न बोलता टाकीचं झाकण उघडलं.

फुस्स.